आधी बघ, अँप ट्यूबचा आहे का?

गिटार अँपच्या मागे छापलेला ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या रोधाचा, आकडा वाचण्याआधी आत काचेच्या ट्यूब (व्हॉल्व्ह) आहेत की ट्रान्झिस्टर, ते बघायचं. दोघांचे नियम वेगळे. बडोद्यात नवरात्रीच्या आधी वाजवणाऱ्यांमध्ये कॅबिनेटांची, म्हणजे स्पीकरच्या पेट्यांची, उसनवारी सुरू होते, तेव्हा नेमकं हेच राहून जातं, आणि चांगले अँप हकनाक जातात याचं मला फार वाईट वाटतं.

ट्रान्झिस्टरवाल्यावरचा आकडा ही खालची हद्द. ‘किमान ४ ओहम’ असेल तर ८ किंवा १६चं कॅबिनेट खुशाल लावा, आवाज थोडा कमी निघेल. पण ८ची दोन कॅबिनेटं समांतर जोडली की ४ होतात. तिसरं लावलंत की तीनच्याही खाली. मग करंट वाढतो आणि अँप तापतो.

ट्यूबचं तसं नाही. तिथे ट्यूब आणि स्पीकर यांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ५० वॅटच्या अँपमधल्या ईएल३४ या ट्यूबच्या जोडीला सुमारे ३,४०० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८चा. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं प्रमाण साधारण २०ला १. ओहम त्याच्या वर्गाने, म्हणजे ४००च्या आसपास पटीने वाढून ट्यूबपर्यंत पोचतात. म्हणून ८च्या जॅकला १६चं कॅबिनेट लावलं की ट्यूबवर एकदम ७,०००च्या जवळपास भार येतो. एका पायरीचा फरक चांगला ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा सोसतो, पण मी माझ्या अँपला तो सोसायला लावत नाही. आणि स्पीकर न जोडता ट्यूबचा अँप वाजवायचा नाही म्हणजे नाही. व्होल्टेज भलतंच चढतं, सॉकेटमध्ये ठिणगी पडते, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

परवा भाचा चार स्पीकरचं एक जुनं कॅबिनेट घेऊन दांडिया बाजारात आमच्याकडे आला. “मावशी, ह्याच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही.” स्पीकर केबलचं एक टोक कॅबिनेटमध्ये घातलं, दुसऱ्या टोकाच्या पिनेचं अग्र आणि तिची दांडी यांना मल्टिमीटर लावला. आकडा नाचत होता, कारण पठ्ठ्याने स्पीकरच्या कोनवर, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर, हात ठेवला होता. कोन हलला की कॉइल स्वतःच वीज काढते. “हात काढ आधी.” मग आकडा १३ वर स्थिरावला. मीटर फक्त तारेचा डीसी रोध दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा कमीच येतो. म्हणजे हे १६चं. ८चं असतं तर सहा-सातच्या दरम्यान आला असता. तरी मागची फळी उघडून खात्री केली: चारही स्पीकर १६चे, दोन-दोन एकापुढे एक, आणि त्या दोन जोड्या समांतर. बरोबर १६.

अँप बंद ठेवून त्याने मागचा ओहमचा स्विच १६वर केला आणि पिशवीतून गिटारची केबल काढली. ती मी परत ठेवायला लावली. तिच्यातली आतली तार बारीक असते, स्पीकरचा करंट तिच्यातून नेऊ नये. जाड दोन तारांची स्पीकर केबल लावली, मगच अँप चालू केला.