रसाळ–सुमार–महिपत: मधल्या रानाबद्दल आधी हे वाचा

रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे कोकणात खेडजवळ एकाच डोंगररांगेवरचे तीन किल्ले. सुमार ते महिपत चार तास, वाट मळलेली, चुकायला जागाच नाही, असं आम्हाला सांगणारा माणूस अलीकडे त्या वाटेने गेलेलाच नाही, हे मी छातीठोकपणे लिहितो. वाट मळलेली नाही. मध्ये बराच पट्टा असा आहे की वाटच नाही. आम्हाला आठ तास लागले, पाणी वाटेत संपलं आणि महिपतच्या पारेश्वर मंदिरात सॅक टेकवल्या तेव्हा अंधार पडला होता.

रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने आलात तर खेडला उजाडायच्या आत उतरता. त्या वेळी स्टेशनबाहेर जीप ठरवू नका. आमच्याशी बाराशे ठरले, रसाळवाडीत उतरल्यावर 'सामान जास्त आहे, रस्ता खराब आहे' म्हणून अठराशे मागितले, आणि वाडीतल्या लोकांसमोर तमाशा नको म्हणून आम्ही दिले. रिक्षाने एसटी स्टँड गाठा, चहा घ्या, दिवस उजाडू द्या. पैसे बोलताना माणसं आणि सॅक दोन्ही मोजून दाखवा.

रसाळगड सोपा आहे. झोलाईचं देऊळ, तोफा, मुक्कामाला निवारा. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

खरा प्रश्न वाटाड्याचा. रसाळकडून घेतलेल्या वाटाड्याने महिपतपर्यंतचे पैसे ठरवले आणि सुमारच्या खाली हात जोडले. "आता सरळ आहे, नाकासमोर जावा." पैसे मात्र पूर्ण मागितले. तेव्हा राग आला, अजूनही आहे, पण त्यामागचं कारण पुढे जाणाऱ्यांनी समजून घ्यावं: महिपतला पोचल्यावर तो त्याच दिवशी घरी परतू शकत नाही. त्यामुळे बोलणी करताना दोन दिवसांची मजुरी, रात्रीचं जेवण आणि परतीचं एसटीभाडं धरूनच करा, आणि अर्धे पैसे महिपतच्या माथ्यावर द्या. नाहीतर सुमारच्या पोटातल्या धनगरवाड्यावरचा माणूस घ्या. गुरांमागे फिरणाऱ्याला हे रान पाठ असतं.

सुमारगडाचा शेवटचा कातळटप्पा उघड्यावरचा आहे. दोर न्या, सॅक खाली ठेवा, ज्याला उंचीचं भय आहे त्याने खालीच थांबावं. वरची कातळात खोदलेली टाकी आणि गुहेतलं शिवलिंग बघून आमचा सगळा शीण गेला; या तिघांत मन लावून बघावा असा गड हाच.

आता ते रान. कारवीची झुडपं डोक्याच्या वर, त्यांच्या काठ्या एकमेकींत अडकलेल्या, सॅक दर चार पावलांना मागे ओढली जाते. खाली वाळलेल्या पाल्याचा घोटाभर थर, त्याखाली सुटे दगड. उतारावर पाय टाकला की पाला आणि आपण दोघंही निघतो. आणि ढोरवाटा, गुरांनी पाडलेल्या! त्या इतक्या छान दिसतात की पाय आपोआप वळतात, पण त्या पाणवठ्यापर्यंत किंवा एखाद्या मोकळवनापर्यंत जाऊन मरतात. एक ओळखून ठेवा: रसाळ दक्षिणेला, महिपत उत्तरेला, रांग सलग. म्हणजे उजव्या अंगाला जगबुडीचं खोरं आणि पलीकडे सह्याद्रीची मुख्य भिंत हवी, दुपारनंतर ऊन डाव्या गालावर हवं. वाट बराच वेळ एकसारखी खाली नेऊ लागली की थांबा, मागे फिरा, डोंगराची धार पुन्हा पकडा. मोबाईलच्या नकाशावर विसंबू नका. दाट झाडीत आमचा ठिपका दरीत नाचत होता.

ही वाट का मोडली, ते लाकडं गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं. "हितनं आता कोण जातो बाबा? पोरं सगळी मुंबयला. गुरंबी कमी झाली. कोयता लागला नाय तर रान वाट खातंच." काका आमच्यापुढे चालले, कोयत्याने कारवी तोडत, अनवाणी, आणि धारेवर आणून सोडलं. ते नसते तर रात्र रानात काढावी लागली असती. पैसे काही केल्या घेतले नाहीत.

पाणी माणशी चार लिटर, रसाळवरूनच भरून. डिसेंबर-जानेवारीतच जा. ऑक्टोबरात गवत आणि कारवी हिरवी असते, पायाखालचं दिसत नाही. फेब्रुवारी सरता सरता वणव्यांची भीती. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारवी कातडी सोलते. नवख्यांनी रसाळ आणि महिपत वेगवेगळे करावेत. तिन्ही सलग एका दिवसात करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

महिपतगड अवाढव्य आहे. कोतवाल, लाल देवडी, पुसाटी, यशवंत, खेड, शिवगंगा असे सहा दरवाजे सांगतात, पण आता बहुतेकांची जागाच शोधावी लागते. सकाळी पाय दुखत असताना सगळे शोधायच्या भरीस पडू नका. बेलदारवाडीत उतरा, तिथून दहिवली. दहिवलीहून खेडला येणाऱ्या गाडीची वेळ जातानाच खेडच्या स्टँडवर कंट्रोलरला विचारून लिहून घ्या. ती गाडी चुकली की पुन्हा जीपवाल्याच्या तोंडाकडे बघणं आलं.