बर्फाच्या लादीतली वीज: आमची वाटचाल

बर्फाच्या कारखान्याला कच्चा माल दोनच लागतात, पाणी आणि वीज. पाणी आमच्या विहिरीचं. वीज मात्र विकत घ्यावी लागते आणि लादीच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा तिचाच. हर्णै बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा लहानसा कारखाना आहे. सासऱ्यांनी तो उभा केला तेव्हा बिल वीज मंडळाचं यायचं. २००५ साली मंडळाचं विभाजन झालं आणि महावितरणचं यायला लागलं. मी कारभार हातात घेतला तेव्हा वहीत बिलासाठी एकच ओळ असायची: महिना, रक्कम, भरल्याची तारीख. आता आमच्या वहीत बिलाला अख्खं पान लागतं, आणि त्या पानामुळेच डिझेल, अमोनिया, मजुरी सगळं वाढूनही कारखाना तग धरून आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी यंत्राबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. तिच्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे उभे सोडलेले असतात. अमोनियाचा कॉम्प्रेसर त्या खाऱ्या पाण्याचं तापमान शून्याच्या खाली उतरवतो आणि डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं. आमचा कॉम्प्रेसर साठ हॉर्सपॉवरचा, म्हणजे साधारण ४५ किलोवॅट. त्याशिवाय पाण्याचे पंप, टाकीतलं पाणी ढवळणारा पंखा आणि बर्फ फोडायचं क्रशर. हंगामात आमच्या एका लादीला आठ-नऊ युनिट पडतात. हा आकडा मी ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवते. खाली त्या महिन्याचा युनिटचा सरासरी खर्च आणि त्याखाली लादीचा भाव. बोटीवाले विचारायचे, "वहिनी, पाणीच तर गोठवता, एवढे पैसे कसले?" फळा लावल्यापासून घासाघीस कमी झाली. एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, तर स्वतःच्या घरचं बिल आणून माझ्याकडून समजून घेतलं.

बिल हातात आलं की मी आधी वर्ग बघते. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते ग्राहकाच्या वर्गाप्रमाणे बदलतात: घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, कृषी. बर्फाचा कारखाना लघुदाब, म्हणजे कमी दाबाच्या विजेच्या, औद्योगिक वर्गात येतो. फरक फक्त युनिटच्या दरात नसतो. वीज शुल्क घरगुती वापरावर १६ टक्के आणि वाणिज्यिक वापरावर २१ टक्के आहे. उद्योगाला ते बरंच कमी पडतं. म्हणून नवीन धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की अर्जात व्यवसायाचं वर्णन नीट लिहा आणि उद्यम नोंदणीचा कागद सोबत जोडा. त्याला दुसरीही बाजू आहे. आमच्या दिरांनी कारखान्याच्या आवारात थंड पेयांचं दुकान काढायचं ठरवलं तेव्हा आम्ही त्याला वेगळं वाणिज्यिक मीटर घेतलं. औद्योगिक जोडणीवर दुकान चालवणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

वर्गानंतर रीडिंग. मोठ्या भाराच्या मीटरला करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा प्रवाह ठरावीक पटीत कमी करून मीटरला देणारं साधन, जोडलेला असतो, त्यामुळे चालू आणि मागील रीडिंगमधला फरक म्हणजे वापर नव्हे. त्याला 'गुणक अवयव' या रकान्यातल्या आकड्याने गुणायचं असतं. मीटर किंवा ट्रान्सफॉर्मर बदलला की हा आकडा बदलू शकतो, म्हणून बदलाच्या अहवालाची प्रत आम्ही फाइलला लावतो. शिवाय दर महिन्याला ठरावीक दिवशी आमचा ऑपरेटर मीटरच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढतो. रीडिंग चुकीचं वाटलं तर हातात पुरावा हवा. तोंडी तक्रारीला वजन नसतं. स्थानिक कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. तिथे अर्ज करायला वकील लागत नाही.

आमच्या पैशांचा सगळ्यात मोठा फरक पडला तो केव्हीएएच आकारणीमुळे, म्हणजे कामाला आलेल्या विजेऐवजी एकूण ओढलेल्या विजेवर बिल लावल्यामुळे. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांबरोबर २० किलोवॅटच्या वरच्या लघुदाब ग्राहकांनाही ती लागू झाली. मोटर जी वीज ओढते ती सगळी कामाला येत नाही. काही भाग नुसता चुंबकीय क्षेत्र तयार करण्यात फिरत राहतो. प्रत्यक्ष काम आणि एकूण ओढ यांचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.८५ असेल तर हजार युनिट कामाला ११७६ युनिटांचं बिल लागतं. तोच ०.९८ वर नेला तर १०२०. हजारामागे दीडशेहून जास्त युनिटांचा हा फरक ना ग्राहकाला दिसतो, ना कामगाराला.

उपाय कपॅसिटरचा, म्हणजे ही नुसती फिरणारी वीज मोटरला जागच्या जागी पुरवणाऱ्या डब्याचा. पण समुद्रकाठी कपॅसिटर पॅनेल बसवून विसरून चालत नाही. खारा वारा पॅनेलच्या दाराच्या फटीतून आत जातो, कॉन्टॅक्टरच्या पट्ट्या हिरव्या पडतात, कपॅसिटरचा डबा हळूहळू फुगतो. वरून लाल दिवा लागलेला असतो, म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटतं. आमचे वायरमन मामा दर पंधरवड्याला टोंग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजायचं यंत्र, घेऊन येतात आणि प्रत्येक कपॅसिटरच्या तिन्ही वायरींचा करंट मोजतात. एखाद्याचा करंट उतरला की तो निकामी झालाच समजा. मामांनी पॅनेलच्या दाराला रबराची पट्टी लावली, आत मिणमिणता बल्ब ठेवला, त्याच्या उबेने ओल धरत नाही. बंदरावरच्या दोन-तीन कारखान्यांनी आता तसंच केलं आहे.

मग येते करार मागणी. तुम्ही जास्तीत जास्त किती भार ओढणार हे आधी लिहून दिलेलं असतं आणि त्याचा मागणी आकार कारखाना बंद असला तरी लागतो. प्रत्यक्ष मागणी कराराच्या वर गेली तर वरच्या भागाला दीडपट दर. हंगामाच्या गर्दीत कॉम्प्रेसर, दोन्ही पंप आणि क्रशर एकदम चालू केले तर आमचा आकडा नेमका तिथे जातो. मीटर क्षणाची उडी धरत नाही, ठरावीक मिनिटांची सरासरी धरतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे: क्रशर चालू असताना विहिरीचा पंप बंद.

हा मागणी आकार कोकणातल्या आमच्या धंद्याला विशेष जड जातो, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढून ठेवलेल्या आणि बर्फाला गिऱ्हाईक नाही. उच्चदाब उद्योगांत 'हंगामी' असा वेगळा वर्ग आहे, लघुदाबात नाही. मला वाटतं, बंदरावरच्या बर्फ कारखान्यांसाठी असा वर्ग व्हायला हवा. दरनिश्चितीच्या वेळी आयोग हरकती आणि सूचना मागवतो, तेव्हा आम्ही लेखी सूचना पाठवतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा द्यायचा निर्णय घेतला. त्याचा लाभ बर्फापर्यंत पोचावा म्हणून आमच्या लोकांचा पाठपुरावा चालू आहे. बर्फाशिवाय मासळी बाजारात पोचतच नाही.

वेळेप्रमाणे दर हा आमच्या कामाचं वेळापत्रकच बदलून टाकणारा भाग. कित्येक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळात युनिटमागे दीड रुपयाची सवलत मिळायची आणि संध्याकाळी ६ ते १० जादा आकार लागायचा. आमचा अख्खा कारखाना रात्रीचा होता. रात्री कंडेन्सरचं, म्हणजे तापलेला अमोनिया थंड करणाऱ्या भागाचं, पाणीही गार असतं, त्यामुळे यंत्रावरचा ताण कमी. पुढे देशभर सौरऊर्जा वाढली. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सांगितलं की उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना गर्दीच्या वेळी किमान १.२ पट. आपल्याकडे २०२५ पासून स्वस्त वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५ झाली आणि संध्याकाळी ५ ते मध्यरात्र महाग.

ऑपरेटर लोकांना आधी ते पटेना. भर दुपारी कंडेन्सर तापतो, मग लादीला युनिट जास्त लागणार, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंच होतं. म्हणून आम्ही दोन्ही वेळच्या लाद्या आणि युनिटं शेजारी शेजारी मांडली. दुपारी युनिट थोडी जास्त जातात, पण सवलत त्याहून मोठी आहे. आता सकाळी ९ ला कॉम्प्रेसर पूर्ण भाराने सुरू होतो आणि संध्याकाळी ५ पर्यंत टाकी जितकी गार करता येईल तितकी करतो. संध्याकाळी कॉम्प्रेसर थांबला तरी टाकीतला गारवा लगेच उतरत नाही. टाकीभोवती जाड थर्माकोल आहे. मध्यरात्रीनंतर साध्या दराने पुन्हा सुरू. संध्याकाळच्या लिलावानंतर ज्यांना बर्फ लागतो त्यांना दुपारी काढून ठेवलेल्या लाद्या मिळतात. कंडेन्सरवर सावलीचं छप्पर घातलं, नळ्यांवरचा क्षाराचा थर बंदीच्या दोन महिन्यांत खरवडून काढतो.

बिल भरण्याचं सांगायचं तर, आमचे पैसे लिलावावर अवलंबून. मासळी विकली की बोटीवाला देतो. तरी बिल मात्र आम्ही त्यावर छापलेल्या सगळ्यात आधीच्या तारखेच्या आत भरतो. बिलावर वेगवेगळ्या तारखांपुढे वेगवेगळ्या रकमा छापलेल्या असतात. लवकरच्या तारखेला भरलं तर साधारण १ टक्का सूट, देय तारीख उलटली तर १.२५ टक्का विलंब आकार. मोठ्या बिलाला हा फरक एका कामगाराच्या काही दिवसांच्या मजुरीएवढा होतो. ऑगस्ट २०२३ पासून आमच्यासारख्या लघुदाब ग्राहकाला महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोख भरता येतं, त्यामुळे रोकड घेऊन रांगेत उभं राहण्याचा प्रश्न मिटला. लघुदाबाला ऑनलाइन भरण्यावर ०.२५ टक्का सूट आहे, कमाल ५०० रुपये. रक्कम मोठी असल्याने आम्ही बँकेतून आरटीजीएसने पाठवतो. चेक दिला तर तो वटल्याची तारीख धरली जाते, दिल्याची नाही, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कागदी बिलाऐवजी ईमेल घेतलं तर बिलामागे दहा रुपये सूट मिळते. पावसात भिजलेलं बिल शोधण्यापेक्षा तेच बरं.

सुरक्षा ठेवीचं पत्र येतं तेव्हा लहान धंदेवाईक घाबरतो. २०२१ च्या नियमांनंतर मासिक बिल असणाऱ्यांची ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी झाली आणि वापर वाढला की फरक मागतात. नेमकी ही मागणी आमच्या बंदीच्या तोंडावर येते. तिचे हप्ते पाडून मिळतात, तसा अर्ज द्यायचा. ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. ते जमा झालं की नाही हे बघणं आपलं काम.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. टाळेबंदी आणि मासेमारी बंदी आधीच होती, त्यात दापोली तालुक्यात खांब आडवे झाले. आमचे पत्रे उडाले. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले लाइनमन गावागावांत राबत होते. आम्ही त्यांना जेवण पोचवत होतो. बोटी समुद्रात जायच्या दिवसांपर्यंत आमची लाइन चालू झाली, हे त्यांचेच उपकार.

सध्या विषय आहे छपरावरच्या सौर पॅनेलचा. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे पॅनेलची जादा वीज लाइनवर देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत, पॅनेलची क्षमता करार मागणीच्या मर्यादेत घ्यावी लागते. आमच्या बाबतीत गणित चांगलं जुळतं: ढगांमुळे ऊन नसतं ते दोन महिने बोटीही बंद असतात, आणि ऑक्टोबर ते मे या उन्हाच्या महिन्यांतच लाद्यांची खरी मागणी. अडचण वाऱ्याची आणि गंजाची आहे. निसर्गनंतर मी कुठलाही ढाचा छपराला साध्या नटबोल्टवर धरून ठेवणार नाही. गॅल्व्हनाइज्ड ढाचा थेट शेडच्या खांबांना जोडायचा, असं इंजिनिअरशी ठरलं आहे. त्याचं कोटेशन आलं आहे, बँकेचा अर्ज गेला आहे, आणि पाऊस सरला की खांबांच्या पायाचं काम धरायचं आहे.