गेटवरचा स्वयंसेवक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि आधी विज्ञानाच्या बाई आठवल्या. बाकीच्यांवर इतर लिहितीलच.

आठवीतलं गॅदरिंग. छातीला रिबिनीचा बिल्ला लावून मी गेटवर. 'बाहेरचं कुणी आत सोडायचं नाही' एवढंच सांगितलेलं. पांढरा नेहरू शर्ट आणि टोपी घातलेला एकजण थेट आत निघाला. मी हात धरून मागं ओढला. ते आपले शिपाईमामा! खाकीशिवाय त्यांना कधी बघितलंच नव्हतं. मामा गोकाककडचे, गडबडीत तोंडातून कन्नड आलं, तसा मी हात आणखी घट्ट धरला. शेजारी मामी उभ्या. अजून लाज वाटते.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपली माणसं न दाखवताच तुला उभं केलं, चूक माझी." दुसऱ्या दिवशी वही देऊन शाळाभर फिरवलं. घंटा देणारे, बागेत पाणी घालणारे, पाणी भरणाऱ्या मावशी... चेहरा बघायचा, नाव लिहायचं.

पुढं हुबळीला एमबीबीएस करताना थायमस शिकलो आणि ती वही डोळ्यापुढं आली. छातीच्या हाडामागच्या या ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घडतात. एआयआरई नावाच्या जनुकामुळं तिथल्या पेशी इन्शुलिनसारखी, एरवी दुसऱ्या अवयवांत बनणारी प्रथिनं नमुन्यादाखल बनवतात. नमुन्यावर जोरात तुटून पडणाऱ्या बहुतेक टी-पेशी तिथंच मरतात. काहींना उलटंच काम लागतं, भडकलेल्यांना आवरायचं. या आवरणाऱ्या पेशी जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवल्या. ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या पेशी घडायला लागणारं फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

एवढं करूनही काही निसटतात. माझ्याच थायरॉईडवर उलटल्या. हाशिमोटो म्हणतात त्याला. रोज उपाशीपोटी गोळी घेतो. निपाणीत दवाखाना टाकून वीस वर्षं झाली, बरा चालतो. पेशी अशाच उलटून झालेला संधिवात, कोड घेऊन आलेल्यांना मी आधी शिपाईमामांची गोष्ट सांगतो, मग औषध.

परवा शाळेवरून गेलो. कौलं गेली, स्लॅब आला. चिंचही तोडली. ती तरी ठेवायची होती.

नोबेल जाहीर झालं त्या रात्री बाईंना शहापूरला फोन केला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते असू दे. वही आहे का रे?"

घर बदलताना ती कुठं गेली कोण जाणे. "शोधतो," म्हणालो.