हमीभाव मिळाला, पण बारदाना मिळेना

२०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता आणि आमच्या लातूर जिल्ह्यात व्यापारी मला ४,१०० च्या वर द्यायला तयार नव्हते, म्हणून माझे २२ क्विंटल सोयाबीन हमीभाव केंद्रावरच घालायचे मी ठरवले. आधार, सातबारा आणि पासबुक देऊन ऑक्टोबरमध्ये नोंदणी झाली. माल आणण्याचा संदेश मात्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला.

ओलाव्याची १२ टक्क्यांची अट नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली होती, तरीही धास्तीने मी माल दोन दिवस उन्हात वाळवला होता. यंत्राने ११.४ दाखवले. आता काटा होणार, या समजुतीने मी ताडपत्री सोडायला घेतली, तेव्हा आतून निरोप आला की बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, संपला आहे.

पोती संध्याकाळपर्यंत येतील असे पहिल्या दिवशी सांगण्यात आले, दुसऱ्या दिवशी गाडी निघाली आहे असे कळले आणि तिसऱ्या दिवशी सांगायलाही कोणी खिडकीशी नव्हते. आम्ही घरची पोती द्यायला तयार होतो, पण ती चालत नाहीत असे उत्तर मिळाले. ट्रॅक्टरचे भाडे दिवसाला १,५०० रुपये; पुढे चौदा ट्रॉल्या; रात्री थंडी आणि वर ढग. रोज सकाळी ट्रॉलीत हात खुपसून माल गार लागतो की उबदार, हे पाहणे एवढेच काम उरले होते. व्यापाऱ्याचा माणूस दुचाकीवरून रांगेत फिरून ४,००० रोख देतो म्हणत होता आणि दोघांनी ट्रॉल्या तिकडे वळवल्यासुद्धा. त्यांना मी दोष देत नाही. चौथ्या दिवशी दुपारी पोती आली आणि रात्री नऊला माझे माप झाले.

व्यापाऱ्याच्या भावापेक्षा १७,४२४ रुपये जास्त मिळाले खरे, पण त्यातून ट्रॅक्टरचे ६,००० आणि हमाली वजा करावी लागली. पैसे सव्वा महिन्याने खात्यावर आले, तोवर खतवाल्याची उधारी तशीच राहिली. म्हणून माझे सांगणे असे की संदेश आला तरी आधी रिकाम्या हाताने केंद्रावर जाऊन पोत्यांची थप्पी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी आणि मगच ट्रॅक्टर ठरवावा. वजनाची पावती तिथेच वाचून घ्यावी. माझ्या पावतीवर एक पोते कमी लिहिले होते आणि ते लगेच दाखवल्यामुळेच दुरुस्त झाले.

आणखी एक गोष्ट सर्वात आधी सांगायला हवी होती. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात उभे राहून मोबाईल ॲपवर केलेली पिकाची, नोंद नसेल, तर केंद्रावर नोंदणीच होत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या शेतात मोबाईलला रेंज नसल्याने ती राहून गेली आणि त्यांचे सगळे सोयाबीन ४,०५० ने गेले.