बरेनमधली आमची दोन वर्षं

सांगोल्याहून लग्न होऊन मी आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात आले. सासरी मांसासाठी गुरं पाळतात. आईला हे पचायला वेळ लागला, मलाही लागला. पण सासऱ्यांची गुरांवरची माया माझ्या आजोबांपेक्षा तसूभरही कमी नाही.

शेत बरेनमध्ये आहे. चुनखडकाचं उघडं पठार, वर जेमतेम माती, खाली भेगाच भेगा. पडलेलं पाणी मातीतून गाळून न निघता सरळ झऱ्यांना जाऊन मिळतं. शेतात जे टाकाल ते पाण्यात. लहानपणी टँकरमागे घागर घेऊन धावलेली मी. सेंद्रिय व्हायचंच, असा हट्ट धरला.

कागदपत्रं जमली. २५ तासांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणन संस्थेकडे नोंदणी झाली. रासायनिक नत्र बंद करून खालच्या कुरणात क्लोव्हर, म्हणजे हवेतलं नत्र जमिनीत आणणारं चाऱ्याचं पीक, पेरला. सेंद्रिय ठरायला जमिनीला २ वर्षं द्यावी लागतात.

अडलं ते गोठ्यापाशी. आमच्या गोठ्याची फरशी फटींच्या काँक्रीटची, शेणमूत खालच्या टाकीत पडायचं. सेंद्रियच्या नियमाप्रमाणे निम्मी तरी फरशी सलग, बिनफटींची हवी आणि वर कोरडं अंथरूण. इथे धान्य फारसं पिकत नाही, पेंढा लांबून आणायचा म्हणजे खर्चच खर्च. मग सासऱ्यांनी त्यांच्या वडिलांची रीत पुन्हा धरली. ऑक्टोबर सरता सरता गायी पठारावर चढवायच्या, एप्रिलमध्ये उतरवायच्या. उन्हाळ्यात तापलेला खडक थंडीतही ऊब धरून असतो. गायी वाळकं गवत खातात, हेझेलची झुडपं माजत नाहीत, आणि मे महिन्यात तिथेच निळी जेन्शियन फुलते.

सासरे सर्वांत जास्त धास्तावले ते जंताच्या औषधावरून. सगळ्या कळपाला सरसकट डोस देणं बंद. शेणाचे नमुने तपासायचे, गरज असेल त्याच जनावराला औषध, आणि औषधानंतर जनावर मांसासाठी पाठवण्याआधी थांबायचा काळ दुप्पट. पहिल्याच वर्षी दोन वासरं खोकायला लागली. त्यांना औषध दिलं, वहीत नोंद केली. त्या रात्री ते तीनदा गोठ्यात जाऊन आले. वासरं सावरली.

आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं, हे मला प्रशिक्षणातच कळलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात कुरणातलं एक शेण काठीनं उलटलं, तर आत भोकंच भोकं, काळे किडे लगबगीनं खाली माती उकरत होते. सासऱ्यांना हाक मारली. ते गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिले. "लहानपणी असंच असायचं," म्हणाले.

प्रमाणन संस्थेचा तपासनीस यायला अजून महिना होता.