साधी वीण, महिना सहावा: पॉपलिनच्या रेघा सापडल्या

मंडळी, मागच्या महिन्यात जिथे अडले होते तिथून सुटले. पॉपलिनवरून नख फिरवलं की बारीक आडव्या रेघा लागतात. मलमलीवर त्या लागत नाहीत. दोन्हींत वीण एकच, एक धागा वर, एक खाली. मग रेघा येतात कुठून?

भिंग लावून एका इंचातले धागे मोजले. माझ्या पॉपलिनच्या तुकड्यात ताणा (उभे धागे) १३० आणि बाणा (आडवे धागे) ७०. उभे धागे जवळजवळ दुप्पट! खात्री करायला लाकडी चौकटीवर चादरीच्या जाड सुताचे दोन पट्टे विणले. पहिल्यात इंचाला ताणा २० आणि बाणाही २०. दुसऱ्यात सूत तेच, बाणा तोच, फक्त ताणा ४०. पहिला पट्टा चौकड्यांच्या जाळीसारखा सपाट आला. दुसऱ्यात उभ्या धाग्यांनी बाणा पार झाकून टाकला आणि त्याच्यावरून वळताना प्रत्येक ओळीला एक उंचवटा उठला. त्याच त्या रेघा. रात्री साडेअकराला घरच्यांना उठवून दाखवल्या.

धाग्यांच्या गर्दीनंतर आता धाग्याचा पीळ. व्हॉइल आणि मलमल दोन्ही विरळ, पारदर्शक. दुकानात पुष्कळदा एकाच गठ्ठ्यात असतात. दोन्हींतला एकेक धागा ओढून काढा आणि ताण सैल करा. व्हॉइलचा धागा स्वतःभोवतीच वेटोळं घालतो, इतका त्यात पीळ भरलेला असतो. मलमलीचा मुकाट पडून राहतो. म्हणून व्हॉइल हाताला किंचित करकरीत लागतं आणि मलमल दर धुण्याला मऊ होत जाते. जळगावच्या मे महिन्यात अंगावर काय घालायचं, याचा निकाल माझ्यापुरता या एका धाग्याने लावला. जॉर्जेटमध्ये तर उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे आलटून पालटून येतात, म्हणून ते दाणेदार. ब्लाउजच्या ‘टू बाय टू’ रुबियातला आकडाही आता कळला: ताणा दुपदरी, बाणाही दुपदरी.

आता फसगत. केंब्रिक म्हणून एक मीटर कापड आणलं होतं. गुळगुळीत, चकचकीत, भरीव. मी तसंच मोजून वहीत आकडे लिहिले. आजी बघत होती. म्हणाली, “पहिले पानीमा भिजाडी ले, मंग मोज.” रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं. सकाळी पाणी पिठाच्या निवळीसारखं पांढरं आणि कापड खिडकीच्या जाळीसारखं. भरीवपणा सगळा खळीचा होता. खरं केंब्रिक बारीक सुताचं, दोन्ही बाजूंनी दाट असतं. त्याची चमक रुळाखाली दाबल्याने येते, पण दाटपणा धुतल्यावरही राहतो. वहीतली जुनी सगळी पानं मी खोडली. आता आधी धुते, वाळवते, मग मोजते. आजीचा मांजरपाट या परीक्षेत आटला, पण विरळ झाला नाही, उलट घट्ट बसला. गोधडीचं अस्तर ती त्याचंच का करते, ते समजलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला पणजोबांच्या खादीच्या उपरण्यावर. १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला ते पायी गेले होते, असं घरात सांगतात. भिंगाखाली त्यातला एकही धागा शेजारच्यासारखा नाही. कुठे जाड, कुठे केसासारखा, मध्येच सरकीचा तपकिरी कण. इंचातले धागे तीन ठिकाणी मोजले, तीन वेगळे आकडे आले. तिन्ही लिहून ठेवलेत.

पुढच्या महिन्यात ऑर्गंडी, म्हणजे तलम पण ताठ सुती कापड. तिचा ताठपणा आम्लाच्या प्रक्रियेचा, धुतल्याने तो जायला नको. ते पडताळायचं आहे. आणि एक मागणं. अमळनेरच्या प्रताप मिलचं जुनं कापड कुणाच्या घरी पेटीत असेल, तर कापू नका; फक्त एक इंच मोजा आणि ताणा-बाण्याचे आकडे कळवा.