ऑक्सिजनचे तीन सेल आणि अकरा आठवड्यांचा फॉर्म

रिब्रीदर, म्हणजे सोडलेलाच श्वास पुन्हा घ्यायला देणारं डायव्हिंगचं यंत्र, घ्यायचं मनात असेल तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: त्यातले ऑक्सिजन मोजणारे सेल सगळ्यात शेवटी विकत घ्या. मी सगळ्यात आधी घेतले.

मी राहतो इंग्लंडात, लेस्टरला. पाण्याखाली जायचं वेड मात्र तारकर्लीचं. इथे जवळच स्टोनी कोव्ह म्हणून पाण्याने भरलेली जुनी दगडखाण आहे, माझे बरेचसे रविवार तिथेच जातात. फोटो काढायला गेलो की माझ्याच बुडबुड्यांनी मासे पळायचे. रिब्रीदर घ्यायचं कारण एवढंच. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास बाहेर जात नाही. तो स्क्रबर नावाच्या डब्यातल्या सोडा लाइमच्या दाण्यांतून फिरतो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि शरीराने वापरला तेवढाच ऑक्सिजन पुन्हा आत सोडला जातो. ऐकायला झकास. पण साध्या टाकीतली हवा संपत आली की श्वास ओढताना कळतं. इथे ऑक्सिजन घटला तरी श्वास सुखाने चालू राहतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. तीस मीटरच्या आतल्या हौशी डायव्हिंगला हे यंत्र लागत नाही. बायकोने हेच तीनदा सांगितलं होतं.

मॅन्युअल (ऑक्सिजन आपण हाताने सोडायचा) की इलेक्ट्रॉनिक (सेलचे आकडे बघून यंत्रच सोडतं), हे दोन संध्याकाळींत ठरलं. कॅमेरा हातात आला की आकडे बघायचं विसरणारा माणूस मी, म्हणून इलेक्ट्रॉनिक. (आकडे तरीही बघावेच लागतात, ही अक्कल नंतर आली.) युरोपातल्या ईएन १४१४३ मानकाला उतरलेलं हवं, ही एक अट. क्लबातल्या सत्तरीच्या एका आजोबांनी दुसरी घातली: "आधी शिकवणारा शोध, मग यंत्र." एका यंत्राचा कोर्स दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे तासाभराच्या अंतरावर जे यंत्र शिकवणारा होता, तेच घ्यायचं ठरवलं. पूर्ण प्रकरणात मी केलेलं एवढंच काम शहाणपणाचं.

नवं परवडेना. नोव्हेंबरात जुनं घेतलं, विकणारा तिसरा मालक. त्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात तीन कोरे सेल मागवले, पाकिटं फोडली आणि यंत्रात बसवूनही टाकले.

आणि इथे घोडं अडलं. जुनं यंत्र वापरण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून तपासून घ्यायचं, हे बरोबरच आहे. पण यंत्र पाठवण्याआधी मालकी बदलल्याचा फॉर्म. फॉर्मला पहिल्या मालकाची पावती जोडा. आता पहिला मालक मी कुठून आणू? तसं लिहून पाठवलं, फॉर्म परत आला. दुसऱ्या वेळी सिरियल नंबरचा फोटो पुसट म्हणून परत. तिसऱ्या वेळी कारणच नाही, फक्त कोरा फॉर्म पुन्हा जोडलेला. ईमेल केली की "दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल" असं आपोआप उत्तर यायचं, आणि ते दहा दिवस दर ईमेलला नव्याने सुरू व्हायचे. पुण्यात असतो तर सरळ काउंटरवर जाऊन उभा राहिलो असतो. शेवटी चिडून वर्कशॉपचा नंबर शोधला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "फॉर्मचं आम्ही बघतो, तुम्ही खोकं पाठवा." अकरा आठवडे! पहिल्याच दिवशी फोन केला असता तर?

खोकं उघडल्यावर मात्र त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. श्वासाच्या दोन पिशव्यांपैकी एक भलत्याच यंत्राची होती. सेलच्या एका वायरीला हिरवा गंज. सुटे भाग येईस्तोवर एप्रिल संपला.

इकडे सेल म्हातारे होत होते. वापरा, नाहीतर ठेवून द्या, त्यांच्यातली रासायनिक क्रिया चालूच राहते. माझ्या पुस्तिकेत वापराचे १२ महिने किंवा बनल्यापासून १८, जे आधी येईल ते, असं दिलंय. मी निर्धास्त होतो. हवेत तिन्ही सेल दहाच्या आसपास मिलिव्होल्ट दाखवत होते, शुद्ध ऑक्सिजनमध्ये सत्तेचाळीसच्या आसपास. पण कोर्सात सहा मीटर खोलीवर लूप, म्हणजे श्वास फिरतो तो सगळा मार्ग, शुद्ध ऑक्सिजनने भरला तेव्हा ऑक्सिजनच्या दाबाचा आकडा १.६ बारच्या जवळ यायला हवा होता. दोन सेल आले. तिसरा १.२८ वर अडून बसला.

काठावर हे कळत नाही. असे दोन सेल थकले तर यंत्र बहुमताने त्यांचंच ऐकतं, ऑक्सिजन कमी आहे असं समजून आणखी सोडतं आणि जास्त ऑक्सिजनने पाण्याखाली फिट येऊ शकते. तिन्ही एकाच खेपेचे घेतले की तिन्ही एकदमच थकणार. आता मी दर चार महिन्यांनी एकेक बदलतो.

हो, आणि चेकलिस्ट कागदावर घ्या, डोक्यात नको. पाचशे वेळा पाण्यात गेलेले माझे प्रशिक्षक अजून बोट ठेवून वाचतात. काठावर पाच मिनिटं श्वास घेऊन बघितला म्हणजे स्क्रबर ठीक, असंही समजू नका. बिघडवलेला स्क्रबर देऊन केलेल्या प्रयोगात बऱ्याच जणांना त्या पाच मिनिटांत काही जाणवलं नव्हतं.

यावरून आठवलं, बेलआउट व्हॉल्व्ह. कार्बन डायऑक्साइड चढला की इतकी धाप लागते म्हणे की तोंडातलं काढून दुसरं घालण्याएवढाही दम निघत नाही. या व्हॉल्व्हची कळ फिरवली की तोंडातल्या त्याच नळीतून साध्या टाकीची हवा मिळते. माझ्या यंत्राला तो नव्हता. बसवून घ्यायला त्याच ऑफिसला पुन्हा अर्ज केला, तोच फॉर्म. या वेळी त्यांचीच सर्व्हिसची पावती जोडली. नऊ दिवसांत काम झालं.